जुलैतला मंगळवार

करिअर मार्गदर्शनाचं काम भूगोलाच्या बाईंकडे का, असं मला बरेच जण विचारतात. जून २०२४ मध्ये वेळापत्रक लागलं तेव्हा माझे आठवड्याचे दोन तास रिकामे दिसत होते, आणि आमच्या मुख्याध्यापकांना रिकामा तास दिसला की राहवत नाही. "बाई, यंदा दहावीचं ते करिअरचं तुम्ही बघा," एवढंच बोलणं झालं. 'ते करिअरचं' म्हणजे नक्की काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शाळा पुण्यात पर्वतीच्या पायथ्याची, मराठी माध्यमाची, अनुदानित. दहावीच्या वर्गात चोपन्न मुलं. पुढे लिहिताना कुणाचं नाव घालणार नाही, सगळी याच भागात राहतात आणि भाजी आणायला गेलं तरी भेटतात. रोल नंबर सांगेन, तेही बदलून.

पहिल्या तासाला मी जे सगळे करतात तेच केलं. चिठ्ठ्या वाटल्या आणि 'मोठेपणी काय व्हायचंय' ते लिहायला सांगितलं. स्टाफरूममध्ये चहा घेत मोजदाद केली. पोलीस सतरा. इंजिनिअर नऊ. डॉक्टर सहा. सीए दोन. एक यूट्यूबर. चार चिठ्ठ्या कोऱ्या. एकीवर लिहिलं होतं, 'उद्या आईला विचारून सांगते.'

पोलीस सतरा का, याचा विचार करत बसले. आमच्या मुलांच्या वस्तीत पगारदार माणूस येतो तो दोनच कामांसाठी, एक कर्जाचा हप्ता गोळा करायला आणि दुसरा बंदोबस्ताला. त्यातला दुसरा दिसायला तरी रुबाबदार असतो. पूर्वी काही वर्षं बोर्ड दहावीच्या मुलांची कलचाचणी घेत असे, २०१६ ला ती सुरू झाली होती. त्यात सात क्षेत्रांपैकी एक 'गणवेषधारी सेवा' असायचं. तेव्हा मी या शब्दाला हसले होते. चिठ्ठ्या मोजताना मात्र वाटलं, ज्यानं कुणी हे क्षेत्र वेगळं काढलं त्याला मुलांची ओळख होती.

पुढच्या तासाला शिवणाच्या बाईंकडून टेप आणला आणि भिंतीवर दोन रेघा मारल्या, १५५ सेंटिमीटरवर मुलींसाठी आणि १६५ वर मुलांसाठी. पोलीस शिपाई भरतीला लागणारी उंची ती हीच. सतरा जण ओळीनं भिंतीला पाठ लावून उभे राहिले. एकानं टाचा उचलल्या, तर मागच्यानं ओरडून सांगितलं. मग शिकण्याची अट सांगितली. बारावी पास व्हावं लागतं, वय अठरा पूर्ण लागतं. मैदानी चाचणी पन्नास गुणांची, मुलांना सोळाशे मीटर पळायचं, मुलींना आठशे, गोळाफेक आहे, आणि त्यानंतर शंभर गुणांची लेखी परीक्षा. त्यात गणित आहे म्हटल्यावर वर्गात हळहळ पसरली. तास संपला तेव्हा सतराचे अकरा झाले होते. पण त्या अकरा जणांना निदान आपण कशाला 'हो' म्हणतोय ते कळलं होतं.

मधल्या काळात दोन पाहुणे येऊन गेले. एक व्याख्याते, ज्यांनी 'दहावीनंतरच्या अडीचशे वाटा' पडद्यावर दाखवल्या. साठाव्या स्लाइडला माझेच डोळे मिटत होते, मुलांचं काय सांगू. दुसरे गृहस्थ बोटांचे ठसे घेऊन मुलाचा मेंदू कसा आहे आणि त्यानं कुठली शाखा घ्यावी ते सांगणारे. माणशी साडेतीन हजार, शाळेला सवलत. मुख्याध्यापकांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. मुख्याध्यापकांबद्दल मी एरवी काहीही बोलत असले, तरी हे त्यांच्या नावावर जमा.

मला काय करायचं ते सुचलं ते माझ्याच विषयातून. पुण्याचा मोठा नकाशा वर्गात टांगला आणि मुलांना स्केचपेन दिले. तुम्ही स्वतः, म्हणजे आईवडिलांबरोबर का होईना, पण जिथे प्रत्यक्ष गेला आहात तिथे लाल ठिपका द्या. पर्वती, सारसबाग, स्वारगेट, मंडई, दगडूशेठ, कात्रजचं प्राणिसंग्रहालय. ठिपके एकावर एक बसून तिथला कागद भिजला. नदीपलीकडे मात्र सगळा नकाशा जवळजवळ कोरा. शनिवारवाडा ओलांडून पुढे शिवाजीनगरला पाच-सहा ठिपके, ते बहुतेक एसटी स्टँडचे. औंधला एक, तोही कुणाच्या तरी आत्याचा.

आणि मी या मुलांना औंधच्या सरकारी आयटीआयबद्दल, गणेशखिंड रस्त्यावरच्या सरकारी तंत्रनिकेतनाबद्दल सांगणार होते. त्यांच्या लेखी ते नंदुरबारमध्ये असतं तरी फारसा फरक पडला नसता.

तेव्हा मी चिठ्ठीतला प्रश्न बदलला. मोठेपणी काय होणार, हे विचारणं बंद केलं. त्याऐवजी लिहायला लावलं, 'पुढच्या वर्षीच्या जुलैतला एक मंगळवार.' पहाटेपासून रात्रीपर्यंत. किती वाजता उठलात, घरात कोण कोण आहे, पाणी कोण भरतं, किती वाजता बाहेर पडलात, कुठली बस, कुठे उतरलात, तिथे काय केलंत, परत कधी, जेवण काय, खिशात किती पैसे होते. अट एकच, त्या दिवशी जे करताय ते पुण्यात खरोखर करता आलं पाहिजे.

पहिल्या खेपेला वाह्यात मंगळवार आले. एक जण जुलैतच कलेक्टर झाला होता. दुसऱ्या खेपेला मात्र खरी घरं दिसायला लागली. 'सकाळी ५ ते ६.३० आईबरोबर पोळ्या.' 'संध्याकाळी ७ ते १० गाडीवर, मालक नसेल तर ११.' 'लहान भावाला बालवाडीतून आणायचं १२ वाजता, म्हणून सकाळचं कॉलेज पाहिजे किंवा मग नकोच.' या शेवटच्या वाक्यात जेवढं करिअर मार्गदर्शन होतं तेवढं अडीचशे वाटांत नव्हतं.

डिसेंबरात सहल काढली. सहल म्हणायचं, कारण त्याशिवाय परवानगी मिळत नाही. सप्टेंबरअखेर स्वारगेटपर्यंतची मेट्रो सुरू झाली होती, पण वर्गातल्या बहुतेकांनी ती आतून पाहिली नव्हती. स्वारगेटला जमिनीखाली उतरून शिवाजीनगरला वर आलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी तंत्रनिकेतनापेक्षा सरकत्या जिन्यालाच जास्त गुण मिळाले. तंत्रनिकेतनात तिथल्या सरांनी छान माहिती दिली. डिप्लोमा तीन वर्षांचा, प्रवेश दहावीच्या गुणांवर, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. मुलं गप्प ऐकत होती. एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, शिकवतात इंग्रजीत का?" सर प्रामाणिक होते. म्हणाले, "पुस्तकं इंग्रजीत. पहिलं सत्र जड जातं, मग जमतं." परतताना चार मुली तेवढंच बोलत होत्या.

तिथून बसनं औंधला. आयटीआयच्या फिटरच्या वर्कशॉपमध्ये शिरल्या शिरल्या तेलाचा, लोखंडाच्या किसाचा वास आला. एका बाजूला लांबलचक बाकं, त्यांवर ओळीनं तुकडा घट्ट पकडायचे व्हाइस बसवलेले, आणि प्रत्येकापुढे एक मुलगा कानस चालवतोय. तिथले निदेशक पन्नाशीचे, हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा. त्यांनी एका मुलाच्या हातातला लोखंडाचा चौकोनी तुकडा घेतला, त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरला. "बघा, दिसतंय का काही?" आम्हाला काही दिसेना. त्यांनी आमच्या रोल नंबर ९ ला पुढे बोलावलं. तो मुळातच वर्गात कधी स्वस्थ न बसणारा, बाकाला करकटकानं भोकं पाडणारा. त्यानं एक डोळा मिटला. "सर, डाव्या टोकाला उजेड येतोय. केसाएवढा." निदेशक म्हणाले, "तो केस काढायचा. पण काढताना उजवीकडे दुसरा यायला नको. पहिले काही महिने हेच."

नऊ नंबर तिथून हलेना. बस चुकली. त्या मुलाकडून घरी कुणी कधी काही अपेक्षा केली नव्हती, आणि सातवीपासून मी स्वतःही त्याला 'बाकं फोडणारा' या एकाच सदरात टाकलं होतं. त्याला नजर आहे हे मला चार वर्षांत दिसलं नव्हतं. सहलीनंतरच्या मंगळवारच्या कागदावर त्यानं एकच ओळ लिहिली, 'सकाळी ८ औंध.' बाकी दिवस कोरा.

जानेवारीत पालकसभा. दुपारी ठेवली की कुणी येत नाही, म्हणून रात्री साडेआठला ठेवली. एकतीस घरांतून माणसं आली, त्यांत बहुतेक आया, कामावरून थेट आलेल्या. मी फळ्यावर नदी काढली. माझी सवयच तशी. अकरावी-बारावी हा एक प्रवाह, डिप्लोमा दुसरा, आयटीआय तिसरा. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन, पूर्ण केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून पुढे इंजिनिअरिंगला. म्हणजे उपनदी मुख्य नदीला पुढे मिळतेच. एक रिक्षावाले वडील म्हणाले, "बाई, नदीचं ठीक आहे, पण लोक म्हणतात आयटीआय म्हणजे नापासांचं." त्यांच्या शेजारी बसलेला माणूस भोसरीत एका कारखान्यात टर्नर होता, आणि टर्नर हाही आयटीआयचाच ट्रेड. तो फक्त त्यांच्याकडे वळून बघत राहिला, काही बोलला नाही. रिक्षावाल्यांनी विषय बदलला.

सगळ्यात चांगला प्रश्न मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या एका आईनं विचारला. ही रोल नंबर ४१ ची आई. "वर्षाचा आकडा सांगू नका. महिन्याला किती लागतील ते सांगा. आमच्याकडे वर्ष नसतं, महिना असतो." मी पंचवीस वर्षं शिकवते आहे. फी, पुस्तकं, बसचा पास, प्रवेशाच्या वेळचा एकरकमी खर्च हे सगळं बाराने भागून मांडायचं मला कधी सुचलं नव्हतं. त्या रात्री फळ्यावर मांडलं. सरकारी आयटीआयची वर्षाची फी ही तिथल्या बऱ्याच जणांच्या एका महिन्याच्या घरभाड्यापेक्षा कमी आहे, हे तसं मांडल्यावरच लोकांना दिसलं. मलाही.

तिथेच आणखी एक गोंधळ निघाला. जुलै २०२४ मध्ये शासनाचा निर्णय झाला होता. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ. टीव्हीवर ऐकून सगळ्यांच्या डोक्यात राहिलं होतं, 'मुलींना सगळं फुकट.' मी समजावलं की हे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलींसाठी आहे. अकरावीला वेगळा हिशेब, अनुदानित तुकडीत मुलींना शिक्षण शुल्क नाही, विनाअनुदानितला आहे. समजावलं, असं मला वाटलं.

फेब्रुवारी ते एप्रिल कागदपत्रांत गेले. करिअर मार्गदर्शनाचं पुस्तक कुणी लिहिलं तर त्याची पहिली शंभर पानं दाखल्यांवर असायला हवीत. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर. आधारकार्डावर एक नाव, शाळेच्या जनरल रजिस्टरात दुसरं. एका मुलीच्या आधारवर आडनावात एक काना जास्त होता, त्या कान्यासाठी तिच्या आईचे तीन दिवसांचे खाडे झाले.

रोल नंबर २३ चं प्रकरण सगळ्यात लांबलं. घर पुण्यात वीस वर्षं, मूळ गाव बार्शी तालुक्यात. जात ओबीसीतली, पण घरात दाखला कुणीच काढला नव्हता, लागलाच नव्हता. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि त्या तारखेला कुटुंब जिथे राहत होतं तिथल्या प्रांत कार्यालयातून दाखला निघतो. पुण्यात राहून पुण्यात निघत नाही. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. मुलाचे वडील गवंडीकाम करतात. ते पहिल्यांदा गावाला गेले ते रिकाम्या हातानं परत आले. मी विचारलं, आजोबांना भाऊ होता का? होता, थोरला, दोन वर्षं शाळेत गेला होता आणि मग गुरांमागे. दुसऱ्या फेरीत गावच्या प्राथमिक शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्या थोरल्या भावाची नोंद सापडली. वडिलांनी मोबाइलवर फोटो पाठवला. पिवळं पान, वाळवीनं खाल्लेली कड, आणि जातीच्या रकान्यात टाकानं लिहिलेला एक शब्द. मग वंशावळ, प्रतिज्ञापत्र, पुन्हा फेऱ्या. दाखला मे महिन्यात हातात आला. गुरांमागे गेलेल्या त्या आजोबांनी दोन वर्षं पाटीवर जे काय गिरवलं असेल ते साठ वर्षांनी नातवाच्या कामी येतंय, असं मी तो फोटो आला तेव्हाच वर्गात म्हणाले होते. मुलांना फारसं काही वाटलं नाही. त्यांचा पेपर होता दुसऱ्या दिवशी.

१३ मे २०२५ ला निकाल. चोपन्नातली एक्कावन्न पास. तीन राहिली. त्यांच्यासाठी पुरवणी परीक्षेचा फॉर्म त्याच आठवड्यात भरून घेतला, कारण एकदा मूल घरी बसलं की त्याला कामाला लावायला नातेवाईक टपलेलेच असतात. बेस्ट ऑफ फाइव्हमुळे टक्के तसे फुगतात, म्हणजे सहातले पाच विषय धरायचे, पाचशेपैकी गुण. तरी ४१ नंबरला ४४२, म्हणजे ८८.४ टक्के, ही आमच्या शाळेत पेढे वाटायची गोष्ट. तिची पहिल्या दिवसाची चिठ्ठी सीएवाल्या दोनांतली होती.

अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया २०२५ मध्ये पहिल्यांदाच राज्यभर होती, पुण्याला ती नवी नाही. भाग एक म्हणजे वैयक्तिक माहिती, भाग दोन म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, एक ते दहा. शाळेच्या संगणक खोलीत आठ संगणक, त्यांतले पाच चालू. साइट सुरुवातीचे दिवस उघडेचना. उघडली तेव्हा मी सकाळी आठ ते संध्याकाळी सात बसून होते, एकामागून एक मूल, शेजारी आई किंवा बाप.

नियम मी वर्गात दोनदा सांगितला होता, फळ्यावर लिहिला होता, वहीत उतरवून घेतला होता. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. म्हणून पहिल्या जागी तेच टाका जिथे तुम्ही उद्या सकाळी जायला तयार आहात.

आणि ४१ नंबरच्या फॉर्मवर पहिलं नाव मी टाकलं, नदीपलीकडचं, मोठं. गेल्या वर्षीचा कट-ऑफ हिच्या गुणांच्या जरा वरच होता. "मिळणार नाहीच, पण राहू दे वर, बघू," असं मी म्हटलेलं मला शब्दशः आठवतं. मुलीचे डोळे चमकले होते, आईनं मान डोलावली होती. संध्याकाळचे सहा वाजले होते, मागे चार जण थांबले होते. यादीत त्या कॉलेजच्या वाणिज्य शाखेच्या दोन ओळी होत्या, सारखंच नाव, मागे वेगळा सांकेतांक. एका ओळीच्या शेवटी अनुदानित, दुसरीच्या शेवटी स्वयंअर्थसहाय्यित. मी नाव वाचलं, पुढचा शब्द वाचला नाही.

पहिल्या फेरीत तिला तेच मिळालं. सकाळी साडेदहाला फोन आला, मागे घरात आरडाओरडा, आनंदाचा. मलाही आनंदच झाला. संध्याकाळी आई आणि मुलगी शाळेत आल्या तेव्हा कागद पाहिला. फी सव्वीस हजारांच्या वर. आई म्हणाली, "पण मुलींना माफ आहे ना, तुम्हीच म्हणाला होता." मी तसं म्हणाले नव्हते. पण त्या क्षणी हे सांगण्यात काही अर्थ नव्हता, कारण ओळ मी निवडली होती.

बसचा हिशेब मग मांडला. घरापासून स्वारगेट, तिथून दुसरी बस, सकाळी सातचं कॉलेज. म्हणजे साडेपाचला घर सोडायचं. आणि पाच ते साडेसहा ही पोळ्यांची वेळ, हे मी स्वतः तिच्या मंगळवारच्या कागदावर वाचलं होतं, त्यावर लाल पेननं 'छान' असा शेरा दिला होता. वर्षभर नकाशा टांगून ठेवणारी भूगोलाची बाई मी.

प्रवेशाच्या मार्गदर्शन केंद्रावर गेलो. टेबलामागच्या माणसानं ऐकून घेतलं, सभ्यपणे ऐकून घेतलं, आणि नियम दाखवला. काही सुटका नव्हती. सव्वीस हजार भरा किंवा सगळ्या नियमित फेऱ्या संपून सर्वांसाठी खुली फेरी येईपर्यंत थांबा. फी मी भरते म्हटलं. आई नाही म्हणाली, एकदाच, आणि तो विषय पुन्हा काढू देईना. "ह्या वर्षी तुम्ही भराल. पुढच्या वर्षी?"

त्यांनी थांबायचं ठरवलं. महिन्याहून जास्त काळ गेला. एकेका फेरीत तिच्या मैत्रिणींची नावं लागत होती, दप्तरं घेऊन झाली होती. ती शाळेत यायची, ग्रंथालयात बसायची, माझ्याशी नीट बोलायची, आणि ते नीट बोलणंच मला सोसत नव्हतं. रागावली असती तर बरं झालं असतं. आई मात्र एकदा बोलली, रस्त्यात, हातात पिठाचा डबा. "तुम्ही घाई केली त्या दिवशी." मी हो म्हटलं.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. २३ नंबरचा जातीचा दाखला वेळेत आला आणि तो तंत्रनिकेतनात गेला, सिव्हिलला. गवंड्याच्या मुलानं सिव्हिल घ्यावं यात वडिलांना फार मौज वाटली. "आता मला प्लंब शिकवणार हा." ९१ टक्क्यांचा एक मुलगा होता, त्यानं विज्ञान घेतलं आणि बरोबर दोन वर्षांचा मोठा क्लास, वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून. कर्ज काढू नका, आधी एक सत्र बघा, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. दोघांनीही ऐकलं नाही. चुकलं का त्यांचं, मला खरंच सांगता येत नाही. माझा सल्ला ऐकणारीचं काय झालं ते समोरच होतं. पोलीसवाल्या अकरांतल्या सात जणांनी जवळचंच कॉलेज घेतलं, कला शाखा, आणि पहाटे पर्वतीवर पळतात. पायऱ्या चढून-उतरून सराव चालतो म्हणे. तीन नापासांतले दोन पुरवणीला निघाले.

नऊ नंबरला औंधला फिटर मिळाला. ऑगस्टच्या शेवटी एके दिवशी तो शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभा होता, निळ्या गणवेशात. खिशातून रुमालात गुंडाळलेला तुकडा काढला. वर्कशॉपमध्ये घासायला दिलेला त्याचा पहिला जॉब, नापास झालेला. त्यानं शिपाईमामांच्या टेबलावरचा गुण्या मागितला, तो काही मिळेना, मग माझ्या भूमितीच्या पेटीतला प्लास्टिकचा काटकोन्या लावला आणि तुकडा मावळतीकडे धरला. "बाई, बघा." मी एक डोळा मिटला. मला काहीच दिसलं नाही. तो म्हणाला, "आहे, केसाएवढा. उजव्या बाजूला. डावीकडचा काढताना आला."

४१ नंबरला खुल्या फेरीत आमच्याच बाजूच्या एका कॉलेजात वाणिज्यची जागा मिळाली, अनुदानित, मराठी माध्यम, घरापासून चालत वीस मिनिटं. ते तिच्या मूळ फॉर्मवर चौथ्या क्रमांकावर होतं. सप्टेंबरात मी नव्या दहावीला मंगळवार लिहायला दिला तेव्हा यंदा कागदावर दोन रकाने वाढवले होते, 'तुकडी अनुदानित की नाही' आणि 'महिन्याला किती'. नमुना म्हणून मुलांना खरा मंगळवार दाखवावा म्हणून तिच्याकडे मागितला. मागताना जीभ अडखळली. दुसऱ्या दिवशी शिपाईमामांकडे वहीचं एक पान ठेवून गेली.

'५ ते ६.३० पोळ्या, ऐंशी. ६.४० निघाले. ७ ते १२ कॉलेज. बुक-कीपिंग सोपं आहे, इंग्रजी नाही. १२.३० जेवण. २ ते ५ मेसचा हिशेब लिहिते, मालक महिन्याला पंधराशे देतात. ६ ते ७ पाणी, दळण. ८ ते १० अभ्यास. बसचे पैसे शून्य. सीए फाउंडेशन बारावीनंतर देता येतं, विचारून आले. फीचा आकडा बाराने भागून आईला सांगितला आहे. ती म्हणाली बघू.'